सरकवलेली चिंच

"उत्तरेश्वर, चित्रात खोटं काढलं तर गुन्हा व्हतो का रं?"

मी गाडीच्या चाकात आरा बसवत होतो. हातोडा तसाच धरून वर बघितलं. माझ्या खोपटाच्या दारात वजीर पेंटर उभा होता. अंगात रंगाचे डाग पडलेला सदरा आणि हातात घडीचा कागद. हा माणूस शिडीवर उभा राहून एका दमात अक्षराची उभी रेघ ओढायचा. आज उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"कुणी काढलंय खोटं?"

"म्या."

"मग सोड की. लोक देवाला चार-चार हात काढत्यात, त्यास्नी कुणी धरून नेलंय का?"

तो हसला नाही. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानंच कागद वाचून दाखवला. कळंबच्या तहसील कचेरीचं समन्स होतं. शुक्रवारी अकरा वाजता हजर राहावे. हिंमतराव विरुद्ध तुळजाबाई, शेताच्या हद्दीचा वाद. साक्षीदार, वजीर वल्द पाशामियाँ, पेंटर. पुरावा, शिवाराचे एक तेलरंगी चित्र.

मी हातोडा खाली ठेवला.

हे १९५८ साल. आमच्या येरमाळ्यात त्या चित्राला ओळखत नाही असा माणूस नव्हता. हिंमतरावांच्या बैठकीत, बसायच्या गादीच्या बरोबर वर ते लावलेलं होतं. त्याची सागवानी चौकट मीच केली होती. चित्रात लांब येडेश्वरीचा डोंगर, डोंगरावर एवढंसं पांढरं देऊळ, खाली पिवळी पडत चाललेली ज्वारी, मधे एक दगडी विहीर आणि विहिरीच्या उजव्या अंगाला चिंचेचं भलंमोठं झाड. पाहुणा आला की हिंमतराव आधी चित्र दाखवायचे आणि मग चहा सांगायचे. "जसंच्या तसं! हुबेहूब! एक ढेकूळ हिकडचं तिकडं न्हाय." वजीर तिथं असला तर खाली मान घालून हसायचा. त्याला ते ऐकायला आवडायचं, यात काही खोटं नाही.

आता घोळ असा. हिंमतराव आणि तुळजाबाई शेजारी-शेजारी. निजामाच्या वेळच्या कागदात त्यांच्या शेतांची हद्द चिंचेच्या झाडाची धरलेली. डोंगराकडं तोंड करून उभं राहिलं, की चिंचेच्या डाव्या अंगाला हिंमतरावांचं रान, उजव्या अंगाला तुळजाबाईचं. विहीर खरं म्हणजे चिंचेच्या उजवीकडं. म्हणजे तुळजाबाईची. तिच्या नवऱ्यानं दोन उन्हाळे खपून ती फोडली होती. पाणी दोघंही घ्यायचे, कधी तंटा झाला नाही. मग हिंमतरावांनी तेलावर चालणारं इंजिन आणलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चिंच पाडली, बुंधा उकरून काढला आणि बांधावरून नांगर फिरवला. आता ते म्हणत होते, चिंच विहिरीच्या पलीकडं होती. म्हणजे विहीर आमची. पुरावा काय, तर हे चित्र.

आणि चित्रात चिंच खरंच पलीकडं होती.

"का केलंस रं असं?" मी विचारलं.

"देऊळ झाकत व्हतं."

एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला.

वजीरचा बाप कल्हईवाला. वजीर पोरवयात हैदराबादला पळाला आणि नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका उस्तादाकडं सहा वर्षं राहिला. राजवाडा, जंगल, नदीकाठ, सगळे पडदे त्याला पाठ. बाप गेल्यावर गावी आला आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागला, उर्दूत. मग निजाम गेला. उर्दू पाट्या उतरल्या आणि वजीरला देवनागरी येत नव्हती. पस्तिशीच्या माणसानं अंकलिपी आणून पाटीवर गिरवायला सुरुवात केली. लोक हसायचे, "वजीर, तुझा ळ कुशीवर झोपलाय बग." तो म्हणायचा, "हसा. राज्य बदललं का पेंटरचं पोट भरतं." आणि भरलंही. सगळ्या तालुक्याच्या पाट्या त्याच्या हातनं बदलल्या.

तेलरंगाचं चित्र त्यानं आयुष्यात एकच काढलं. रस्त्याच्या कामावरचे एक ओव्हरसियर चित्रं काढायचे. बदली झाली तेव्हा जाताना रंगाच्या ट्यूबा वजीरला देऊन गेले. त्यानं मांजरपाटाला सरस आणि खडू लावून घोटला, आणि त्रेपन्नच्या थंडीत रोज सकाळी तुळजाबाईच्या रानात एका काळ्या दगडावर जाऊन बसला. दीड महिना. पांढरा रंग संपला तेव्हा चैत्राच्या यात्रेत वेचलेले चुन्याचे खडे कुटून त्यानं देवळाचा पांढरा केला. देवीच्या देवळाला लावायचा तो चुना आम्ही सगळेच वेचतो, तोही वेचायचा. त्या दीड महिन्यात त्याला भाकर-पाणी तुळजाबाईनं दिलं.

आणि शेवटी त्यानं एक चूक केली. ती पाट्या रंगवणाऱ्यालाच सुचली असती. चित्र झालं तर खाली मजकूर नको का? नव्यानं शिकलेल्या अक्षरांत त्यानं कोपऱ्यात लिहिलं, 'येरमाळा शिवार. प्रत्यक्ष पाहून काढले. वजीर पेंटर, १९५३.'

त्याच ओळीवर आता वकील बोट ठेवणार होता.

बुधवारी हिंमतराव स्वतः वजीरच्या घरी गेले. मी तिथंच होतो. वजीरच्या दाराची फळी निसटली होती, ती ठोकायला गेलो होतो. हिंमतराव उंबऱ्यावर बसले, फरिदाबीनं दिलेलं पाणी प्याले.

"वजीर, भ्याला का रं?"

"न्हाय दादा."

"भ्यायचं काय त्यात? मी तुला लबाड बोल म्हणत न्हाय. कदी म्हणणार बी न्हाय. साहेब इचारतील, चित्र तू काढलं का? म्हण व्हय. बघून काढलं का? म्हण व्हय. झालं. दोन्ही खरंच हाय का न्हाय?"

"खरं हाय."

"मग?" हिंमतराव उठले. दारात थांबून म्हणाले, "चिंच तिथंच व्हती रं. मी रोज बघतो की."

ते लबाडी करत होते असं मला वाटलं नाही. पाच वर्षं रोज उठून चित्र बघितलं होतं त्यांनी. झाड तर आता नव्हतंच. त्यांच्या डोळ्यांत चित्रातलंच झाड राहिलं होतं.

ते गेल्यावर फरिदाबी चुलीपुढून उठून आली. "अजी, उत्ताच बोलके आजाव. हौ, मैंच निकाला. बस." चित्र मीच काढलं, तेवढंच सांगून या, असं तिचं म्हणणं.

"उत्ताच बोल्तूं. मगर आगे पूछे तो?"

"नै पूछते. और पूछे बी तो याद नै बोलो." मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, "उत्तरेश्वरभाऊ, तुमी तरी सांगा ह्यांना. त्या साली अकरा दिवस आमाला कुणी ठिवलं? आठवतंय का न्हाय?"

मला आठवत होतं. पोलीस ॲक्शनच्या साली, बाहेरून आलेली टोळकी गावोगाव फिरत होती तेव्हा, हिंमतरावांनी वजीर, फरिदाबी आणि त्यांच्या दोन पोरींना आपल्या धान्याच्या बळदात लपवलं होतं. बळदाचं तोंड स्वतःच्या हातानं मातीनं लिंपलं आणि वर कणगी उभी केली. रोज एका बिळातून भाकरी आत सोडायचे. टोळकं दारात आलं तेव्हा हा माणूस कुऱ्हाड घेऊन उंबऱ्यावर बसून राहिला होता. त्याच उपकारापोटी वजीरनं ते चित्र त्यांना दिलं होतं.

"आठवतंय," मी म्हणालो. फळीला खिळा ठोकला आणि निघालो.

इथं माझंही सांगितलं पाहिजे. चिंच पाडायला मीच गेलो होतो. लाकूड मीच कापलं. ती कुठं होती हे मला पावलावर माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं. तुळजाबाईचे दोन साक्षीदार होते. एक फिरला, दुसरा सोलापूरला मुलाकडं निघून गेला. मला कुणी विचारलं नाही आणि मी होऊन कुणाला सांगितलं नाही. माझं निम्मं काम हिंमतरावांच्या औतं-गाड्यांचं होतं.

शुक्रवारी मी वजीरबरोबर गेलो. त्यानं बोलावलं नव्हतं, मी म्हणालो मला कळंबहून खिळे आणायचेत. हिंमतराव वकिलाच्या जीपमधून पुढं गेले होते. चित्र चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलेलं आम्ही बघितलं.

एसटीत आमच्या पुढच्या बाकावर तुळजाबाई बसली होती. पन्नाशीची बाई, हातात फडक्यात बांधलेली भाकर. वजीरनं तोंड खिडकीकडं वळवलं. ती मागं वळली.

"वजीरभाऊ, फरिदाचा खोकला कसाय?"

"बरा हाय आता."

"आडुळसा द्या म्हणावं, मध घालून." तिनं भाकर मोडली, तिच्यावर लसणाची चटणी ठेवली आणि अर्धी त्याच्या हातात दिली. "उपाशी जाऊ ने कचेरीत. तिथं माणसाचं पाणी पाणी व्हतं."

वजीर ती भाकर हातात धरून बसला. खाईना. गाडी खड्ड्यात आपटली तशी चटणी त्याच्या धोतरावर सांडली.

तुळजाबाई पुन्हा वळली. या वेळी आवाज हळू होता. "लोक म्हणत्यात, हिंमतरावानं चित्र आणलंय, तू बुडालीस. म्या म्हणलं, आणू द्या की! वजीरभाऊनं काढल्यालं हाय. माझ्याच रानात बसून काढलंय, माझ्या डोळ्यांम्होरं. ते कसं खोटं आसंल?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिनं चित्र पूर्ण झाल्यावर कधी बघितलंच नव्हतं. वजीरनं चिंचेचं झाड सगळ्यात शेवटी घरी बसून रंगवलं होतं, आणि हिंमतरावांच्या बैठकीत बायामाणसं जात नव्हती.

वजीरनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

कचेरीत आमचं नाव एक वाजता पुकारलं. तहसीलदार तरुण होते, नवीन आलेले, पुण्याकडचे. पेशकारानं चादर सोडली आणि चित्र खुर्चीवर टेकवून उभं केलं. खोलीतले सगळे कारकून माना वर करून बघायला लागले. साहेबही उठून जवळ आले.

"वा," ते म्हणाले. "फार चांगलं आहे हो."

तुळजाबाई दोन पावलं पुढं आली. चित्राकडं बघत राहिली. बोट उचलून तिनं विहीर शोधली, मग झाड. बोट हवेतच थांबलं. तिनं वजीरकडं बघितलं नाही. पदर तोंडाला लावला आणि मागं जाऊन भिंतीला टेकून बसली.

"हे चित्र तुम्ही काढलं?"

"व्हय साहेब."

"खाली लिहिलंय, प्रत्यक्ष पाहून काढले. तसंच?"

"व्हय साहेब."

हिंमतरावांचा वकील खुशीत म्हणाला, "एवढंच विचारायचं होतं. जाऊ द्या त्याला."

साहेब लिहायला लागले. शिपायानं वजीरला दार दाखवलं. सगळं पार पडलं होतं. त्यानं दोनदा होकार दिला होता आणि दोन्ही होकार खरे होते. मी मनात म्हणालो, चल बाबा, भाईर चल. पण तो जागचा हलला नाही. शिपाई दंडाला धरायला आला तेव्हा म्हणाला, "साहेब, अजून येक हाय."

"काय?"

"झाड तिथं नव्हतं."

टाक थांबला.

"विहिरीच्या डाव्या अंगाला व्हतं. म्या उजवीकडं सरकवलं."

वकील ताडकन उठला. "म्हणजे चित्र खोटं आहे?"

मी वजीरला आयुष्यभर ओळखत होतो. पाटीवरची वेलांटी कुणी वाकडी म्हटली तर दोन दिवस जेवायचा नाही. त्या खोलीत दहा-बारा माणसं आणि समोर ते चित्र.

"व्हय," तो म्हणाला. "खोटं हाय."

"ऐकलंत साहेब? स्वतःच्या तोंडानं सांगतोय. खोटी चित्रं काढणारा माणूस! याची जबानी खरी कशी मानायची? का रे, बाईनं काय देतो म्हणून सांगितलं?"

"अर्धी भाकर," वजीर म्हणाला. कारकून हसले. तो मात्र चेष्टा करत नव्हता.

साहेबांनी हात वर केला. "झाड हलवलं का पण?"

"देऊळ झाकत व्हतं साहेब. म्या ज्या दगडावर बसायचो तिथनं बघितलं, तर चिंच बरुबर देवळाच्या आड यायची. आमचे उस्ताद सांगायचे, ज्याच्यासाठी चित्र काढतो ते झाकू ने. येडाईचं देऊळ न्हाय तर येरमाळ्याचं चित्र कसलं? म्हणून झाड उचललं आन् मोकळं हुतं तिथं ठिवलं."

साहेब चित्राकडं वळले. त्यांनी देवळावर बोट ठेवलं आणि सरळ खाली आणलं, विहिरीच्या डावीकडं. तिथं नुसती ज्वारी होती.

"तो दगड अजून आहे?"

"हाय साहेब. मोठा दगड हाय. रंगाचे डाग असतील त्याच्यावर."

"मंगळवारी मोजणीदार घेऊन मी जागेवर येतो. चित्र तिथं आणा."

बाहेर पिंपळाखाली हिंमतराव उभे होते. आम्हाला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. "वजीर, बळदाचं तोंड म्या ह्या हातानं लिंपलं व्हतं."

"दादा, मरस्तवर इसरायचो न्हाय."

"मग आज काय झालं?"

"माझा जीव मागा, दिईन. दुसरं काय बी मागा."

"तुझा जीव घिऊन मी काय करू?" असं म्हणून ते जीपमध्ये बसले.

चार दिवस वजीरच्या दुकानाकडं कुणी फिरकलं नाही. पंचायतीनं अर्धी रंगवलेली पाटी परत नेली. चहावाल्यानं हाक मारली, "अहो पेंटर, माझ्या पाटीवर बी कुटं अक्षर सरकवलं न्हाय नव्हं?" आणि बाकावरचे सगळे हसले. फरिदाबीनं भांडी गोणीत बांधून ठेवली. रस्त्यावर जरा कुठं मोठ्यानं आवाज झाला की ती पोरींना आत ओढायची. वजीर रोज दुकान उघडायचा, रंगाचे डबे हलवायचा, झाकणं उघडून साय काढायचा आणि पुन्हा लावायचा. मी रोज जाऊन बसायचो.

मंगळवारी सगळं गाव रानात. पेरणी झाली नव्हती, नांगरटीची ढेकळं पडली होती. गड्यांनी चित्र विहिरीच्या दगडाला टेकवून ठेवलं. पाच वर्षांत ते पहिल्यांदाच उन्हात आलं होतं. लोक एकदा चित्राकडं बघायचे, एकदा रानाकडं. वजीर त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्या कानात म्हणाला, "देवळाचा पांढरा पिवळा पडलाय रं. चुना न्हाय मानवला तेलाला." एवढ्या धाकधुकीतही त्याला ते दिसलं.

काळा दगड सापडला. खाली एका बाजूला निळा आणि तांबडा डाग होता. साहेब स्वतः त्यावर बसले. "आता झाडाच्या जागी जाऊन उभे राहा," ते म्हणाले. "देऊळ झाकलं की मी सांगतो."

वजीरनं वहाणा काढल्या. विहिरीच्या काठाला पाठ लावली आणि डावीकडं पावलं मोजत निघाला. सत्तावीस. थंडीत बोटं आखडली की चिंचेखाली शेकोटी करायला तो तेवढीच पावलं जायचा. ढेकळांतून अडखळत तो गेला, थांबला आणि वळून उभा राहिला.

साहेबांनी एक डोळा मिटला. "देऊळ दिसत नाही," ते म्हणाले. "बरोबर आड आलात. हलू नका."

मोजणीदारानं साखळी काढली. "कुणीतरी एक टोक त्यांच्या पायाशी धरा रे."

गाव उभं होतं. हिंमतराव एका बाजूला, काठीवर दोन्ही हात ठेवून. कुणी पुढं येईना. मोजणीदारानं दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी निघालो. तेवढं रान ओलांडायला मला फार वेळ लागला असं वाटलं. मी वजीरच्या पायाशी बसलो, साखळीचं टोक दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून धरलं आणि हिंमतरावांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणालो, "चिंच हितंच व्हती. म्याच पाडली."

साखळी ताणली गेली. आकडे लिहिले गेले. माझ्या बोटांजवळच मोजणीदारानं खुंटी ठोकली. विहीर तुळजाबाईच्या अंगाला राहिली. ती विहिरीपाशीच होती. तिनं हात जोडले ते कुणाकडं बघून, ते कळलं नाही.

हिंमतराव वळले आणि गाडीवाटेनं चालायला लागले. गडी म्हणाला, "मालक, चित्र?" त्यांनी मागं न बघता हात हलवला. चित्र तिथंच राहिलं.

हळूहळू माणसं पांगली. साहेबांची जीप धुरळा उडवत गेली. मोजणीदार साखळी गुंडाळत वजीरला म्हणाला, "झालं, या आता बाजूला." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला.

वजीर तसाच उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं होतं आणि त्याची सावली पायांखाली गोळा झाली होती. मी उठून त्याच्या शेजारी उभा राहिलो.